दर दोन तासांनी कूस

कोंबडी अंडं फिरवते ते मोजून नाही.
तिला जाग येते, चोचीने ढकलते, पुन्हा डोळे मिटते.
मला मात्र चार स्विच लागतात:
मधोमध मोटार, दोन्ही अंगांना वरखाली दोन-दोन दारं.
एक तिरपी जोडी उघडली की ट्रे डावीकडे कलतो,
दुसरी तिरपी उघडली की उजवीकडे.
एकाच अंगाची वरची-खालची एकदम उघडली
तर घरात फक्त धूर.
हे सगळं एका काळ्या चिपच्या पोटात बसतं,
पंधरा पाय, पाठीला पत्रा, पत्र्याला भोक.

बिशोफ्तूत, तळ्याच्या वरच्या अंगाला माझं दुकान.
इस्त्र्या, रेडिओ, मेलेले चार्जर.
वैझेरो अबोनेश आली
तीनशे बावीस अंड्यांची झोप डोळ्यांत घेऊन.
"रात्री सहाला उठते, आठला उठते, दहाला उठते."
आमचं घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं,
रात्रीचे सहा म्हणजे ऐन मध्यरात्र.
"पोरगी म्हणते, आई, त्यापेक्षा तूच बस त्यांच्यावर."

मोटार भंगारातली. निळ्या लाडा टॅक्सीचा वायपर,
अदिसच्या कितीतरी पावसांची काच पुसलेला.
ताकद दांडगी, तशीच भूक.
चिपची एक वाट पुरेना,
म्हणून पहिलीला चौथी जोडली, दुसरीला तिसरी;
तसं तिच्या कागदातच लिहिलंय, बारीक अक्षरात,
जिथे कोणी वाचत नाही.
आणि थांब म्हटल्यावर
तारेच्या वेढ्यांत कोंडलेला प्रवाह थांबत नाही,
त्याला मागच्या दाराने जाऊ द्यायला चार डायोड.

पहिल्याच दिवशी ट्रे डावीकडे कलला. सुरेख.
उजवीकडे म्हटलं, आणि
फट्.
चिपच्या कपाळावर मसुराएवढा खड्डा
आणि तो वास, एकदा ओळखीचा झाला की
जन्मभर सोडत नाही.
दुसरी लावली. तीही गेली.
तिसरी अदिसहून यायला चार दिवस,
तोवर अबोनेश हातानेच.

नकाशा इतक्यांदा पाहिला की घडीवर फाटला.
कागदावर चूक नव्हती. कागदाबाहेर होती.
वायपरच्या मोटारीची एक तार तिच्या अंगालाच जोडलेली असते,
गाडीचा सगळा पत्रा हीच तिची परतीची वाट.
जन्मभर एकाच दिशेला फिरलेल्या यंत्राला
दुसरी तार कोण देतो?
मी तिला लोखंडी चौकटीला आवळलं होतं,
चौकट ग्राउंडला,
आणि वर तिलाच सांगत होते: आता उलटी फिर.

शेजारच्या बेयेनेने जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून दिल्या.
बोल्टांना रबरी नळीच्या बाह्या घातल्या.
तरी मीटर बोंबलत राहिला, म्हणजे कुठेतरी लोखंड लोखंडाला शिवतंय.
ट्रेला ओढणारी काडी!
ती काढून निलगिरीची बसवली, हिरवीच होती, साल सोलून.
मीटर गप्प.
मग डावीकडे. मग, श्वास धरून, उजवीकडे.
तीनशे बावीस कुशी एकदम वळल्या,
नदीतल्या गोट्यांसारखा बारीक आवाज झाला.

अठराव्या दिवशी फिरवणं थांबवायचं असतं.
आत जो कोणी आहे त्याला
डोकं कुठे करायचं ते ठरवू द्यायचं.
त्यासाठी वेगळा पाय आहे चिपला;
तो ग्राउंडला धरला
की बाकीचे पाय काय वाटेल ते सांगोत, मोटार ऐकत नाही.
मी तिथे लाल बटण दिलं होतं.
अबोनेशचं बोट त्यावर बराच वेळ नुसतंच राहिलं.
मग टक् झालं.

"आता काय करायचं?"
"काही नाही. झोप."
त्या रात्री सहाला वीज गेली.
मी बॅटरी बघायला गेले, तर ती जागीच,
पेटीला पाठ लावून बसलेली, हातात काही नाही.
चिपच्या पत्र्याला हात लावला. गार.
काचेला लावला: कोमट.
पैशांचं एकविसाव्या दिवशी बोलू, ती म्हणाली,
आणि सरकून मला जागा दिली.